लँटर्न माथ्यावर असताना

वळ, ता. भिवंडी
२ जुलै २००७

प्रिय ऋतिकाताई,

नमस्कार. तुझ्या शेजारच्या घरातला भावेश लिहितोय. भाविक गेल्यापासून दोन वर्षांत तुला एक ओळ टाकली नाही, त्याची लाज वाटते. बूथवरून पोर्ट ब्लेअरला फोन लावून पाहिला. निम्मं ऐकू येत नाही, आणि जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

तुला न विचारता एक गोष्ट केली आहे.

आपण तिघं तुमच्या गच्चीवर तारे बघायचो, तू कॉलेजातून विज्ञानाची मासिकं आणायचीस, ते सगळं अजून सुटलेलं नाही. तू लग्न होऊन अंदमानला गेलीस, भाविक नाही, पण मी दर रविवारी निजामपुऱ्यातल्या सायबर कॅफेत जाऊन बसतो. आता सरकारांपेक्षा खाजगी कंपन्यांचीच बातमी जास्त असते. मार्चमध्ये पॅसिफिकमधल्या एका बेटावरून एका कंपनीचं रॉकेट सुटलं, वर गेलं आणि भरकटलं. मी खुर्चीतून उठून ओरडलो, तर शेजारचा बिहारी लूमवाला म्हणाला, "भैया, कोई गुजर गया क्या?"

तर अशाच एका अमेरिकन कंपनीनं फुगणारं यान बनवलंय. जाड कापडाचं, वर गेलं की फुगतं. नाव लँटर्न. पुढे माणसं राहतील अशा घराची ही चाचणी. आत जागा रिकामी होती म्हणून त्यांनी जगभरातल्या हौशी लोकांकडून फोटो मागवले. ते आत सुटे सोडायचे, तरंगत ठेवायचे, आणि आतल्या कॅमेऱ्यानं टिपून साइटवर टाकायचे.

मी भाविकचा फोटो पाठवला. कशेळीच्या पुलावरचा, २००४ च्या ऑक्टोबरमधला. पायलट बसलेलं खाजगी विमान अवकाशात जाऊन आलं होतं आणि आम्ही पुलावर पेढे वाटले होते.

चौदा जूनला लँटर्न सुटलं. नीट वर पोचलं. भाविक आता साडेपाचशे किलोमीटरवर आहे, दीड तासाला पृथ्वीला एक फेरी. तुझ्या घरी, काका-काकूंना, सांगितलेलं नाही. काकूंनी त्याच्या फोटोला अजून हार घालू दिलेला नाही, हे तुला माहीत आहेच.

रागावलीस तर तसं लिही.

तुझा,
भावेश


पोर्ट ब्लेअर
२० जुलै २००७

प्रिय भावेश,

पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढचा गणिताचा तास मला घेता आला नाही. मुलांना पाढे लिहायला बसवलं.

रागावले होते. चार दिवस रागातच होते. माझ्या भावाला तू कुठेतरी पाठवून दिलंस आणि मला पावती आल्यासारखं पत्र आलं, असं वाटलं. मग एके संध्याकाळी समुद्राकाठी उभी होते. इथं त्सुनामीत समुद्रानं किती माणसं नेली ते तुला ठाऊक आहे. ज्यांची सापडली नाहीत त्यांच्या घरचे अजून किनाऱ्यावर येतात आणि पाण्याकडे बघतात. मी मात्र त्या दिवशी वर बघितलं. तेवढ्यासाठी तुझे आभार मानते.

पण आईला सांगू नकोस. शरीर मिळालं नाही म्हणून ती अजून ताट वाढते. तिला आणखी एक आशा देऊ नकोस.

एक विचारू? पूर्वीही विचारलं आहे. २६ जुलैला, त्या पुरात, पाच वाजता भाविक तुला निजामपुऱ्यात भेटला आणि नदीचं पाणी बघायला एकटाच गेला, असं तू पोलिसांना सांगितलंस. बाबांनी महिनाभर कामवारी नदीचा काठ पालथा घातला. माझा भाऊ पाण्याला घाबरायचा, भावेश. खाडीकाठचा असून पोहायला शिकला नाही. तो पूर बघायला कशाला गेला?

तुला माहीत असेल असं नाही. पण प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

ऋतिकाताई


वळ
९ ऑक्टोबर २००७

प्रिय ऋतिकाताई,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. पाणी चढत होतं, सगळेच बघायला जात होते.

साइटवर आतले फोटो यायला लागलेत. पहिला बघितला तेव्हा खुर्ची पुढे ओढली. पांढऱ्या गोल भिंती, कुठं वर नाही की खाली नाही, आणि मध्ये शेकडो चेहरे लटकलेले. कुणाची आजी, कुणाचा कुत्रा, एक नवरी, एक टोपीवाला मुलगा. आणि डाव्या बाजूला भाविक, पुलाच्या कठड्याला टेकलेला.

आतापर्यंत सहा चित्रं आली. दरवेळी बाकीचे फोटो हललेले असतात, कुणी पालथा, कुणी भिंतीला चिकटलेला. भाविक सहाही चित्रांत समोर तोंड करून आहे. कॅमेऱ्याकडेच. कागदाला बाक आला असेल, पंख्याच्या हवेनं तसा राहत असेल. मी तसंच धरून चालतो.

आता रागावशील ते सांगतो. काकूंना कळलं.

पाऊस गेला, आकाश उघडलं. गेल्या मंगळवारी संध्याकाळी सात वीसला लँटर्न आपल्यावरून जाणार होतं. भारनियमनाची वेळ, गोडाऊनचे दिवेही बंद, वळमध्ये असा अंधार कधी नसतो. मी तुमच्या गच्चीवर उभा होतो. काकू वाळवण आवरायला वर आल्या. "काय बगतोस?" म्हणाल्या. ताई, त्यांना मला काही खोटं सांगता येईना. सगळं सांगितलं.

तेवढ्यात वायव्येकडून तो निघाला. साधा तारा, फक्त चालणारा. आवाज नाही. विमानासारखा लुकलुकत नाही. काकूंनी पदर तोंडाशी धरला. माथ्यावर आल्यावर तो हळूहळू विझला.

"गेला?"

"नाही काकू. पृथ्वीच्या सावलीत गेला. दिसत नाही, पण आहे."

"सावलीत हाय म्हंजे हाय," काकू म्हणाल्या, आणि पुन्हा कधी येणार ते विचारलं. मी पुढच्या चार वेळा कागदावर लिहून दिल्या.

त्या रात्री काकूंनी ताट वाढलं नाही. काकांनी आश्चर्यानं मला सांगितलं. हे चांगलंच झालं ना?

तुझा,
भावेश


पोर्ट ब्लेअर
२७ ऑक्टोबर २००७

भावेश,

चांगलं झालं नाही.

परवा आईचा फोन आला. मी विचारलं, कशी आहेस? म्हणाली, "बरी हाय. भाविक येऊन जातो." मी विचारलं, म्हणजे दिसतो? म्हणाली, "दिसतो थोडा वेळ. बोलतो बी." आणि मग मासळीच्या भावाबद्दल बोलायला लागली.

आवाजात दुःख नव्हतं. तेच मला भयंकर वाटलं.

तुला वाईट हेतू नव्हता हे मी जाणते. पण आता थांब. तिला वेळा देऊ नकोस, गच्चीवर जाऊ नकोस. चार आठवडे दिसलं नाही की ती विसरेल, ताट वाढेल, निदान आपल्याला ओळखीची तरी वाटेल.

मीही तो बघितला, खोटं कशाला सांगू. शाळेच्या मैदानावरून, नारळींच्या मागून वर आला. मी हात हलवला आणि नंतर बराच वेळ तो हात मला माझा वाटेना.

ऋतिकाताई


वळ
१८ नोव्हेंबर २००७

प्रिय ऋतिकाताई,

तुझं पत्र मिळाल्यापासून मी काकूंना एकही वेळ सांगितलेली नाही. कागद परत घेतला, फाडला. पण जे चाललंय ते मला कळेनासं झालंय.

काकू वेळ चुकवत नाहीत.

पाच तारखेला मी जिना चढलो तर त्या आधीच गच्चीवर, वायव्येकडे तोंड करून उभ्या. घड्याळात सहा बावन्न. लँटर्न सहा बावन्नलाच आलं. म्हटलं योगायोग. आठ तारखेला पुन्हा तसंच. अकरा तारखेला ढग होते, काही दिसणार नव्हतं, तरी काकू उभ्या.

आणि परवा तर भर दुपारी. जेवणाच्या सुट्टीत मी घरी आलो असेन. माझं कामाचं गोडाऊन पाच मिनिटांवर तर आहे. काकू उन्हात, अनवाणी, तापलेल्या गच्चीवर. मान हळूहळू वळत होती, वायव्येकडून माथ्यावर, माथ्यावरून आग्नेयेला, जणू काही दिसतंय. एक वाजून सतरा मिनिटं झाली होती. दुपारी दिसत नाही म्हणून दुपारच्या वेळा मी कधी काढतच नाही. संध्याकाळी कॅफेत जाऊन काढली. एक सतरा. दिशा तीच.

मी विचारलं, "काकू, तुम्हाला कसं कळतं?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मीच काहीतरी वेड्यासारखं बोललो. "तुला ठावं न्हाय?" एवढंच म्हणाल्या.

ताई, त्या बोलतातही. लँटर्न माथ्यावर असताना. त्यांची पाठ माझ्याकडे असते, आवाज त्यांच्यापेक्षा जरा जड येतो. आठ तारखेला स्पष्ट ऐकलं. "पिशवी सोड, भावेश. दुसरा हात दे."

मला त्याचा अर्थ कळला नाही.

झोप लागत नाही हल्ली. लागली तर उठल्यावर अंग मोडून आलेलं असतं. सुपरवायझर परवा म्हणाला, लक्ष कुठं असतं तुझं. काकांना बोललो नाही. तू ये. सुट्टी काढता येत असेल तर ये.

भावेश


पोर्ट ब्लेअर
८ डिसेंबर २००७

प्रिय भावेश,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. आधी जे समजतं ते लिहिते.

माझे आजोबा, आईचे वडील, खारभूमीच्या उघाडीवर, बांधातल्या पाण्याच्या दारावर, कामाला होते. भरतीला दार बंद करायचं, ओहोटीला उघडायचं. आई लहानपणी त्यांच्याबरोबर बांधावर असायची. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. घड्याळाशिवाय, ढगात, झोपेतसुद्धा तिला भरती कळायची. मी स्वतः पाहिलंय. तुझं लँटर्नही ठरल्या हिशोबानं सरकतं. आईनं सुरुवातीच्या चार वेळांवरून ती चाल पकडली असेल. मी गणित शिकवते, मला हे अशक्य वाटत नाही. दुपारचं तेवढं कोडं आहे. सोडून देते.

आता जे समजत नाही ते.

भाविककडे पिशवी नव्हती. तो घरून हात हलवत निघाला, आईनं पोलिसांना सांगितलं होतं, मी तेव्हा तिथं बसले होते. मग पिशवी कुणाची? आणि तिनं "भावेश" कशाला म्हणायचं? तू पाच वाजता त्याच्यापासून वेगळा झालास ना?

"मला त्याचा अर्थ कळला नाही." तुला मी पहिलीपासून ओळखते. तू इतकं छोटं वाक्य कधी लिहीत नाहीस. न कळलेल्या गोष्टीवर तू दोन पानं लिहितोस.

भावेश, मला सांग. काय असेल ते सांग. वाईट असलं तरी. न सांगितलेल्या गोष्टीबरोबर मी अडीच वर्षं राहतेय, आणखी नाही राहायचं.

ऋतिकाताई


वळ
२ जानेवारी २००८

ताई,

तीन वेळा लिहून फाडलं. हे चौथं.

मी खोटं बोललो. भाविक मला निजामपुऱ्यात भेटला नाही. आम्ही तिथं पोचलोच नाही.

त्या दिवशी आपल्या वेळेनुसार रात्री आठ वाजता अमेरिकेचं शटल सुटणार होतं. त्याच्या दोन वर्षं आधी एक फुटलं होतं, त्यानंतरचं पहिलं. मी महिनाभर वाट बघत होतो. दुपारपासून पाऊस कोसळत होता, गोडाऊन चारला सुटलं, लाइट गेली होती. कॅफेतही नसणार, हे कुणालाही कळलं असतं. पण मला वाटत होतं, तिथं जनरेटर असेल. तुमच्या मागच्या दारानं मी भाविकला बोलावलं. तो म्हणाला, "वेडा आहेस का? उद्या बातम्यांत बघू." मी म्हणालो, "उद्या बघण्यात काय मजा? तू घाबरतोस म्हण ना." हे मी म्हणालो, ताई.

रस्ता बुडाला होता, म्हणून गोडाऊनमागच्या नाल्यावरून निघालो. साडेचार झाले असतील. नाल्यावरचा पत्र्याचा साकव पाण्याखाली होता, पण पायाला लागत होता. मी पुढे, तो मागे, माझा उजवा हात घट्ट धरून. डाव्या हातात माझी पिशवी, डोक्यावर धरलेली. आत दोघांनी मिळून घेतलेली दुर्बीण आणि तीन वर्षांची प्रिंट काढलेली पानं.

मध्यावर साकव संपला. वाहून गेला होता. भाविकचा पाय गेला, पाणी त्याच्या छातीला, मग गळ्याला. मी लांब पाऊल टाकून पलीकडच्या काठाच्या बाभळीला टेकलो होतो. तो ओरडला, "पिशवी सोड, भावेश. दुसरा हात दे."

मी सोडली नाही. का, ते मला आजही सांगता येणार नाही. ठरवून नाही. एक श्वास घेण्याइतका वेळ गेला असेल. मला वाटलं, एका हातानं खेचीन. मग हात सटकला. तो पाण्यात वळला आणि माझ्याकडे तोंड करूनच खाडीच्या दिशेनं गेला. डोळे मिटले नव्हते.

मी काठाकाठानं पळालो. हाका मारल्या. पावसात माझी हाक मलाच ऐकू येत नव्हती. मग लांबून वळसा घालून घरी आलो. वाटलं, पुढे कुठं तरी अडकेल, वर चढेल, सकाळी येईल. सकाळी काकांनी विचारलं तेव्हा तोंडातून निघालं, पाच वाजता निजामपुऱ्यात भेटला होता. एकदा निघालं ते निघालं. काका कामवारीच्या काठानं फिरत राहिले आणि मी त्यांच्याबरोबर बॅटरी धरून फिरलो. जिथं भाविक नव्हताच तिथं.

ही गोष्ट जगात कुणाला माहीत नव्हती. आईला नाही, देवळात नाही, कुठंच बोललो नाही. आणि ती काकूंच्या तोंडून बाहेर आली.

मी आता तुमच्या गच्चीखाली राहू शकत नाही. आमच्या गोडाऊनवाल्यांचा माल वापीला जातो, तिथं माणूस हवा होता. उद्या निघतोय. पत्ता मागे लिहिलाय. काका-काकूंना तू सांग. मला पोलिसांकडे जायला सांगितलंस तर जाईन.

माफी मागत नाही. कोणत्या तोंडानं मागू.

भावेश


वळ
११ फेब्रुवारी २००८

भावेश,

मी वीस जानेवारीला इथं आले. आल्या दिवशी बाबांना ओटीवर बसवून तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मग चपला घालून नाल्याकडे गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. म्हणाले, "चुकीच्या पाण्यात शोधत व्हतू आपण."

दुसऱ्या दिवशी आम्ही खाडीपलीकडच्या पोलीस ठाण्यात गेलो. तिकडे चौकशी करायचं अडीच वर्षांत कुणाच्या मनात आलं नव्हतं, कारण कामवारीत बुडालेला माणूस तिथं कसा जाईल? हवालदारानं बेवारसांची वही काढली. ३० जुलै २००५. वय अंदाजे पंचवीस. एक धूसर फोटो. आणि सांभाळून ठेवलेला शर्टाचा तुकडा, कॉलरच्या आत निजामपुऱ्यातल्या आपल्या शिंप्याची पट्टी. बाबांनी पट्टीवर अंगठा फिरवला आणि तिथल्या बाकावर बसले. त्यांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

त्याला तिथंच पुरलं होतं. आम्ही तिथली माती आणली. विधी झाले. फोटोला हार आईनं स्वतः घातला.

मी तुला माफ केलेलं नाही. पुढे करीन की नाही, माहीत नाही. बाबा तुझं नाव घेत नाहीत. पोलिसांत काय करायचं ते तू समोर आल्यावर ठरवू, असं बाबा म्हणाले. हे एवढं स्पष्ट लिहून मग पुढचं लिहिते, कारण ते तुला कळायला हवं.

आईला मी विचारलं, "तुला पिशवीचं कसं कळलं? भाविकनं सांगितलं?"

ती म्हणाली, "भावेशनं सांगितलं."

मला वाटलं तू तिला आधीच सगळं कबूल केलं होतंस. पण ती तसं म्हणत नव्हती. तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते. मला माझे शब्द घालायचे नाहीत.

"मी कवा आपन होऊन वर गेले न्हाय. मना काय घड्याळ कळतं? भावेश यायचा. मागच्या दारी उभा ऱ्हायचा, डोळं उघडं, पन बघणं न्हाय. 'काकू, चला,' म्हणायचा. मी त्याच्या पुढं जिना चढायची. तारा माथ्यावर आला की तो बोलायचा. मी त्याच्याकडं पाठ करून ऐकायची. तोंड बगितलं तर भावेश दिसायचा ना. पाठ केली की भाविक असायचा."

दुपारचं विचारलं. म्हणाली, दुपारीही तूच आलास. मी तुमच्या गोडाऊनच्या वॉचमनला, सावळाराममामांना विचारलं. ते म्हणाले, "भावेश त्या दिवशी एकला उठून चालत गेला. हाक मारली तर ओ दिली न्हाय. पायात चप्पल न्हवती." ती जेवणाची सुट्टी नव्हती, भावेश. सुट्टी साडेबाराला संपते.

मान वळवत होतास तू. आई तुझी सावली बघत होती.

मी आईवर चिडले. म्हटलं, तुला नोव्हेंबरपासून माहीत होतं तो कुठं बुडाला, तर बाबांना का नाही सांगितलंस? आपण तेव्हाच त्याला आणला असता. भाकरी थापत होती, ती थापून तव्यावर टाकली. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर तो बोलायचा थांबला असता."

आईनं त्याची माती सोडून दिली होती, आवाजासाठी.

काल संध्याकाळी साइटवर वेळ बघून मी तिला गच्चीवर घेऊन गेले. तो आला, वायव्येकडूनच. आईनं मान वर केली नाही. माझ्याकडे बघत राहिली, मी काही बोलते का म्हणून. मी बोलले नाही. तो सावलीत गेल्यावर ती खाली उतरताना म्हणाली, "भावेश तिकडं एकला हाय का? आता त्याचं कोन ऐकतं?"

मला झोपेत चालणं, मनावरचं ओझं, हे सगळं समजतं. शाळेत मुलांनाही मी तसंच समजावलं असतं. फक्त एक गोष्ट बसत नाही, ती आईला मी पुन्हा पुन्हा विचारली. ती म्हणते, आवाज तुझा नव्हता. तिला दोन्ही आवाज तुमच्या जन्मापासून माहीत आहेत.

खोलीत कुणाला तरी सोबत घे. एकटा राहू नकोस. आणि आई बोलावते आहे, म्हणून ये.

ऋतिकाताई


वापी
१९ फेब्रुवारी २००८

ताई,

पत्र परवा मिळालं. भाविक सापडला हे वाचून मी गोडाऊनमध्ये पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन बसलो. इतक्या वर्षांनी रडू आलं.

बाकीचं पुन्हा पुन्हा वाचलं. मला यातलं काही आठवत नाही. ताई, शपथेवर सांगतो, मी काकूंनाच गच्चीवर बघितलं, काकूंचाच आवाज ऐकला.

मी खोलीत एकटा नाही. शहापूरकडचा लडकू म्हणून आहे, क्रेनवर असतो, शांत माणूस. त्याला सगळं सांगितलं आणि विनंती केली, मी कधी झोपेत बोललो तर उठवू नको, फक्त ऐक आणि मला सांग. त्यानं पांघरूण झटकलं. मग म्हणाला, "ते तर आल्यापासून चालू हाय. मी म्हटलं, आपल्याला काय करायचंय."

कालची वेळ मी मुद्दाम काढली नव्हती. संध्याकाळी ड्युटीवरून आलो, जरा आडवा झालो. उठलो तेव्हा लडकू दाराबाहेर उंबऱ्यावर बसलेला, चहाचा कप हातात तसाच. विचारलं, "बोललो का?"

म्हणाला, "हो."

"काय म्हणालो? पिशवीचं? पाण्याचं?"

"पान्याचं काय न्हाय," लडकू म्हणाला. "ते बेटावरचं रॉकेट पुढच्या येळेला वर जाईल का पडंल, त्याच्यावरनं वाद चालला होता. एक म्हणं जाईल, दुसरा म्हणं पडंल. मग हसायला लागलात."

मी विचारलं, "दुसरा कोण?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग खोलीत आत बघितलं.

"मना काय ठावं. दोघं एकदमच बोलत व्हतात, म्हणून तर मी भायेर येऊन बसलू."

रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. काकूंना सांग, दोघांची ताटं वाढायला उठू नका, मी बाहेरूनच हाक मारीन.

भावेश